सरकारच्या वाटणीचं पाणी

बुधाईच्या तांब्यातलं पाणी प्यायला मिळणं सोपं नव्हतं.

तहानलेल्यासाठी तिच्या दारात रांजण होता. वाटसरू, पाहुणा, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही त्यातून प्यावं. पण घरात फळीवर एक पितळी तांब्या असायचा, कडेला पोचा आलेला. त्यातलं पाणी मिळायचं फक्त माफी मागायला आलेल्या माणसाला, आणि तेही त्यानं माफी पुरी मागितली असं बुधाईला वाटलं तरच. अशी अर्धवट माफी मागून कोरड्या घशानं परत गेलेले लोक त्या वाडीत बरेच होते.

वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे, डांबरी रस्ता कंटाळून थांबतो त्याच्याही पुढे. सगळी घरं महादेव कोळ्यांची. कुणी कुणाचं वाईट केलं तर तिथली रीत अशी: ज्यानं केलं त्यानं चार माणसांसमोर यायचं, आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्यात ‘जर’ चालत नाही, ‘पण’ चालत नाही, ‘झालं गेलं’ तर मुळीच चालत नाही. सांगून झालं की ज्याचं वाईट झालं त्यानं पाणी द्यायचं. पाणी प्यालं की संपलं. परत तो विषय काढणारा स्वतःच दोषी.

ही रीत बुधाईच्या आधीपासूनची. आता तांब्या बुधाईचा असायचा, आणि तिनं रीतीत भर घातली ती एका शब्दाची. माणूस सांगून थांबला की ती मिश्रीचं बोट दातांवर फिरवत विचारायची, “आनिक?”

वाडीतल्या एका जावयानं सासुरवाडीच्या शेजारणीची कोंबडी चोरली होती. तो चावडीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “कोंबडी म्या खाल्ली.”

“आनिक?”

“पिसं बाळूच्या दारात टाकली. त्याच्यावर नाव यावं म्हनून.”

“आनिक?”

जावई घाम पुसायला लागला. “रस्सा पानचट झाला म्हनून बायकूला मारलं.”

बायको गर्दीतच उभी होती. मग कोंबडीचा विषय मागं पडला आणि तिची माफी आधी झाली. बुधाई नंतर म्हणाली, “कोंबडी काय, पिसं उपटली की सोपी व्हती. मान्साची पिसं लई दाट.”

ती फार साधी वगैरे बाई नव्हती. आमच्या संघटनेच्या पत्रकांतून आदिवासी म्हातारी छापली की ती साधीच असते, म्हणून आधीच सांगून ठेवते. बुधाई भांडखोर होती, फुशारकीखोर होती, आणि फोटो काढायचा म्हटलं की आत जाऊन पावडर लावून यायची. माईक तिला फार आवडायचा. गावच्या लग्नात मंगलाष्टकं संपली की ती ब्राह्मणाच्या हातातून माईक घ्यायची आणि नवऱ्यामुलाला सगळ्यांदेखत तीन गोष्टी सुनावायची. सरकार हा शब्द तिच्यापुढे कुणी काढला की ती विचारायची, “कंचं? खाकी का पांढरं?” खाकी सरकार काठी घेऊन यायचं, पांढरं सरकार हार घेऊन. दोन्ही एकाच जीपमधून उतरताना तिनं पाहिलं होतं.

माझी तिची ओळख झाली ती माझ्या वडिलांच्या फजितीमुळे. वडील संघटनेचे. त्यांना सगळा तालुका भाऊ म्हणतो. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पण पत्रकांचे गठ्ठे होते, आणि मी त्यांच्यावरच अक्षरं गिरवली. एकदा भाऊंनी हिरड्याच्या भावावरून पत्रक काढलं. त्यात शेवटी चौकटीत होतं: “रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू! – बुधाबाई.” नातीनं ते तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बुधाई आमच्या घोडेगावच्या घरी हजर. एका पिशवीत पत्रक, दुसऱ्या पिशवीत तांब्या.

“भाऊ, ह्ये मी कंदी बोलले?”

“अहो बुधाई, तुमच्या मनातलंच आहे की.”

“मनातलं तुमाला कुनी दावलं?”

भाऊ हसले. बुधाई हसली नाही. तिनं तांब्या काढून टेबलावर ठेवला. मग भाऊ खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले की चूक झाली, पण ती चळवळीच्या एका विशिष्ट टप्प्यावर झाली आहे, आणि तिच्याकडे ऐतिहासिक परिस्थितीच्या संदर्भात बघावं लागेल.

“भाऊ,” बुधाई म्हणाली, “माजी एसटी हाय परतीची.”

भाऊंनी खुर्ची मागं सारली. मग हळूच म्हणाले, “तुम्ही न बोललेलं मी तुमच्या नावावर छापलं.”

“आनिक?”

“तुम्हाला विचारलं नाही.”

“आनिक?”

“विचारायला वाडीपर्यंत चढायचा कंटाळा आला.”

व्यवस्थेचं विश्लेषण करताना भाऊंनी भांडवल, सरंजामशाही, नोकरशाही सगळ्यांना जबाबदार धरलेलं मी ऐकलं होतं. कंटाळा हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. बुधाईनं पाणी ओतलं, भाऊ प्याले, आणि ती म्हणाली, “रक्ताचं काय सांगू नका. मला साकर हाय, डाक्टर थेंबबर काडतो तरी चक्कर येती.”

त्यानंतर मी तिच्याकडे जायला लागले. तिच्या बापाची गोष्ट मला तिनं सांगितली नाही, आधी नळावर ऐकू आली. पाण्याच्या पाळीवरून भांडण चाललं होतं, आणि हिराबाई म्हणून शेजारीण ओरडली, “तू नको शिकवू, आगलाव्याचे पोरी!” एरवी एकाला चार देणारी बुधाई हंडा उचलून निघून गेली.

गोष्ट अशी. आताची वाडी ही खालची वाडी. बुधाई लहान होती तेव्हा सगळे वरच्या वाडीत राहायचे, डोंगराच्या खांद्यावर, झऱ्यापाशी. तो भाग राखीव जंगलात गेला, असं खाकी सरकारनं एक दिवस येऊन सांगितलं. लोक उठेनात. मग एका दुपारी, बाकीची माणसं रानात गेलेली असताना, चार-पाच जण आले. त्यांना वाडी जाळायची होती, पण त्यांच्या हातानं जळायला नको होती. वाडीत शिरताना पहिलं घर बुधाईच्या बापाचं. तो तापानं घरीच पडून होता. त्याला बाहेर काढलं, हातात काडी दिली आणि सांगितलं, तुझं तू पेटव, नाहीतर आत पोरगी आहे तिच्यासकट आम्ही पेटवतो. त्यानं आधी तान्ह्या बुधाईला बाहेर घेतलं, मग छप्पर पेटलं. वारा होता. सगळी वाडी गेली. रानातून धावत आलेल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की खाकीवाले लांब उभे आहेत आणि बुधाईचा बाप जळत्या छपरापाशी उभा आहे. सरकारनंही तेच धरलं. वाडी वाडीतल्याच माणसानं पेटवली आणि लोक आपणहून खाली उतरले.

बाप पुढं पुष्कळ वर्षं जगला. बुधाई म्हणायची, “मरूस्तवर काडी वढली न्हाई त्यानं. बिडी दुसऱ्याच्या बिडीवर पेटवायचा. येकटा आसला की तसाच बसायचा, बिडी तोंडात धरून.”

तिला हवं होतं ते एवढंच: ज्यांनी काडी दिली त्यांनी चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की काडी आम्ही दिली. वाडीभरच्या माफ्या वसूल करणाऱ्या बाईची स्वतःची माफी कुणी आणून देत नव्हतं.

आणि मग एक दिवस पांढऱ्या सरकारनं जाहीर केलं की ते आदिवासींची माफी मागणार आहे.

माफी हा शब्द अर्थात आमचा. त्यांचा शब्द दिलगिरी. निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत ‘दिलगिरी सोहळा’ छापलं होतं, खाली स्वागतोत्सुकांची नावं आणि त्याखाली ‘कार्यक्रमानंतर स्नेहभोजन’. दूर कुठल्या तरी देशांतल्या सरकारांनी तिथल्या मूळच्या लोकांची रीतसर क्षमा मागितली होती, आणि त्याला चांगली प्रसिद्धी मिळाली होती म्हणे. आपल्याकडे अशा गोष्टी मांडवाशिवाय होत नाहीत. आश्रमशाळेच्या मैदानात मांडव पडला, नारायणगावहून पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या आल्या, आणि आदिवासींच्या वतीनं दिलगिरी स्वीकारायला एक म्हातारी हवी म्हणून बुधाईची निवड झाली. वाडीत फोटोला सर्वांत उत्साही तीच होती, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. एक तरुण अधिकारी तिला समजावत होता. “आजी, तुम्ही डावीकडून यायचं. मंत्रिमहोदय तुम्हाला दिलगिरीची फ्रेम देतील, शाल देतील, नारळ देतील. तुम्ही नमस्कार करायचा, हसायचं, आणि उजवीकडून उतरायचं.”

“माफी त्ये मागनार आन नारळ मला?”

“तो सत्कार आहे, आजी.”

“मंत्री तवा व्हता का, वाडी जाळली तवा?”

“छे हो, ते जन्मलेही नव्हते.”

बुधाई विचार करत मिश्री लावत राहिली. मला वाटलं आता ही नाही म्हणणार. भाऊंनी तर विरोधाचं पत्रकही तयार ठेवलं होतं, ‘दिलगिरी नको, जमीन द्या’. पण ती म्हणाली, “चालतंय. बाप मेला आसंल तर लेकानं मागायची, आसंच हाय आमच्यात. आन सरकार तर मरत बी न्हाई. त्याला सबबच न्हाई.”

तो अधिकारी हसला. त्याला कळलंच नाही की त्या सगळ्या सोहळ्यात तो सोहळा खरा मानणारं माणूस एकच होतं. मंत्र्यांना तो खरा वाटत नव्हता, अधिकाऱ्यांना नाही, आम्हाला तर नाहीच. बुधाईला वाटत होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वरच्या वाडीला चढली, गुडघे दुखत असताना, आणि जळक्या जोत्यांच्या मागच्या झऱ्यातून तांब्या भरून आणला. वर उंबराचं पान झाकलं. कार्यक्रमाला ती पावडर न लावता आली.

मंत्री आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. तोवर आश्रमशाळेच्या मुली पारंपरिक वेशात नाचासाठी रांगेत उभ्या होत्या. तुम्ही निसर्गाचे पूजक आहात, जंगलाचे राखणदार आहात, असं मंत्र्यांनी जंगलातून काढलेल्या लोकांना सांगितलं. आपल्या आजोळी एक आदिवासी गडी होता, तो फार प्रामाणिक होता, हेही सांगितलं. शेवटी चष्मा लावून कागद वाचला: “भूतकाळात कळत-नकळत काही अप्रिय घटना घडल्या असतील आणि त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर शासन त्याबद्दल दिलगीर आहे.”

निवेदकानं टाळ्यांची खूण केली. टाळ्या झाल्या. बुधाई डावीकडून आली. इथपर्यंत सगळं तालमीसारखं. मग तिनं तांब्या मंत्र्यांसमोर टेबलावर ठेवला आणि माईक हातात घेतला.

“साहेब, घर जळलं व्हतं. भावना न्हवत्या जळल्या. काय केलं त्ये सांगा.”

मंत्र्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं कागदाकडे.

“आजी, त्यात सगळं आलं,” मंत्री म्हणाले.

“त्यात कायबी न्हाई आलं. घटना घडली म्हन्ता. आपआपली घडली का? कुनी केली?” आवाज चढलेला नव्हता. जावयाशी बोलायची तशीच ती बोलत होती, वाट मोकळी करून देत. “मी सोपं करून देती. माज्या बापाच्या हातात काडी आमी दिली, म्हना. येवडंच. मंग ह्ये पानी हाय, वरच्या वाडीचं. प्या आन सुटा.”

वाडीची माणसं पुढे वाकली होती, हिराबाईसुद्धा. एक वाक्य होतं. मंत्र्यांचं तोंड उघडलंही. मग त्यांच्या कानाशी अधिकारी काहीतरी पुटपुटला, बहुधा असं, की हे बोललात तर ते तुम्ही बोललात असं होईल.

“आजींचं घरकुल मंजूर करून टाका!” मंत्री गरजले.

टाळ्या.

“त्ये मागनं बगू. आदी—”

“आणि वाडीला रस्ता!”

पुन्हा टाळ्या. “बघा, आमच्या आजी किती हजरजबाबी!” मंत्री हसले, त्यांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात फ्रेम दिली, फोटो झाला. माईकचा आवाज गेला होता. मुलींचा नाच सुरू झाला. बुधाई तशीच उभी होती आणि मंत्र्यांना, एवढं बोलून, तहान लागली. त्यांचा हात पुढे आला. टेबलावर तांब्या होता आणि त्याच्या शेजारी कंपनीची बाटली. त्यांनी बाटलीचं झाकण फोडलं आणि घटाघटा स्वतःचंच पाणी प्याले.

परतीच्या जीपमध्ये अठरा माणसं होती. बुधाई भरलेला तांब्या दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती. खड्ड्यात पाणी हिंदकळलं तसा ड्रायव्हर वैतागला. “आज्जे, सीट भिजतीया. वत की त्ये भायेर.”

“गाडी हळू चालव,” बुधाई म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा तांब्यासकट फोटो आला. खाली मथळा: ‘आदिवासींनी मोठ्या मनाने केले शासनाला माफ’. शाल तिनं नातीला दिली, नारळाची चटणी केली. फ्रेम मजबूत होती. ती तिनं खुराड्याला झाकण म्हणून बसवली, अक्षरं आतल्या बाजूला. शासनाची दिलगिरी कोंबड्या रोज संध्याकाळी जवळून बघत. रस्त्याचा बोर्ड लागला. रस्ता लागला नाही.

पण त्या मांडवात, पांढऱ्या कापडाच्या एका खुर्चीत, ओझरकडचा एक म्हातारा बसला होता. बागायतदार घरातला माणूस, खाकी नोकरीतून कधीच निवृत्त झालेला. मुलाला राजकारणात गोडी, म्हणून त्याच्या गाडीतून आला होता. आठ-पंधरा दिवसांनी तो एकटाच, शेअर जीपनं, काठी टेकत वाडीत आला आणि बुधाईच्या दारात उभा राहून म्हणाला, “बाई, आत येऊन बोलू का?”

तिनं त्याला ओळखलं नसावं. पण तो काय घेऊन आलाय ते ओळखलं. “आत न्हाई,” ती म्हणाली. “चावडीम्होरं.”

मी त्या दिवशी तिथं होते. माणसं जमेपर्यंत तो उन्हात उभा राहिला. कुणी बस म्हणालं नाही.

“काडी आमी दिली,” तो म्हणाला. त्याला वाक्य मांडवातच पाठ झालं होतं.

“आनिक?”

“काडीपेटी माजी व्हती. साहेबाची न्हाई, माजी.”

“आनिक?” बोट दातांवर फिरत होतं.

म्हातारा काठीकडे बघत राहिला. “त्याचा हात कापत व्हता. त्यानं वढल्या त्या काड्या इजल्या. पेटलीच न्हाई त्याच्या हातनं. मग म्या माज्या हातानं वढली, आन म्याच छपराला लावली. त्यो नुसता हुबा व्हता.”

आयुष्यभर दुसऱ्याच्या बिडीवर बिडी पेटवणाऱ्या त्या माणसानं ते कधी का सांगितलं नाही, कुणास ठाऊक. कदाचित सांगितलंही असेल. आगलाव्याचं कोण ऐकतं!

बुधाई परत “आनिक” म्हणाली नाही. ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पिऊ लागला, रडत रडत, आणि तांब्या अर्धा झाल्यावर तिनं हात मागं घेतला.

“बास. तुमचं झालं.”

तो वर बघायला लागला.

“तुमी चाकरी करत व्हता. तुमच्या वाटनीचं तुमी पेलात. ह्ये ऱ्हायलं त्ये सरकारच्या वाटनीचं.”

हिराबाई दुसऱ्या सकाळी स्वतःच आली. तिला “आनिक?” बऱ्याच वेळा विचारावं लागलं, असं बुधाईनं मला फार समाधानानं सांगितलं.

बुधाई गेल्या उन्हाळ्यात गेली. त्याआधी मी तिला शेवटचं पाहिलं ते तिच्या दारात, सकाळी. ती फळीवरून तांब्या काढत होती. त्यातलं पाणी तिनं अंगणातल्या मिरचीच्या रोपाला घातलं, तांब्या राखेनं घासला, ताजं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं आणि पान झाकून परत फळीवर ठेवला. हे ती रोज करायची.

“रोज कशाला बदलता?” मी विचारलं.

“मंग? शिळं देऊ व्हय? उद्याच्याला आले मंजे?”

मिरचीचं रोप कमरेएवढं झालं होतं, लाल-हिरवं लगडलेलं. मी निघाले तेव्हा तिनं मूठभर मिरच्या तोडून माझ्या ओढणीच्या टोकात बांधल्या.

“जपून खा गं पोरी,” ती म्हणाली. “सरकारच्या वाटनीच्या पान्यावर वाडल्यात. लई तिखट हायेत.”